वझरामागचा कातळ

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै उजाडला की रविवारी गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी वझराकडे, म्हणजे धबधब्याकडे, पाठ करून फोटो काढत असतं. त्या गर्दीला नावं ठेवायला मी आलेलो नाही. माझं सांगणं एवढंच, की पाणी पाहून झालं की त्यामागचा कातळही पाहा. वझर कुठे पडावा, किती उंचावरून पडावा, पायथ्याचा कोंड, म्हणजे डोह, किती खोल असावा, हे सगळं तो कातळ ठरवतो. आपण संध्याकाळी धडपणे घरी पोचणार की नाही, हेसुद्धा बऱ्याचदा तोच ठरवतो.

गोव्याचा दगड म्हणजे जांभा, अशी आपली समजूत. घराचे चिरे जांभ्याचे, कुंपणं जांभ्याची, डोंगरमाथ्यावरचे सपाट सडेही जांभ्याचे. पण जांभा हा वरवरचा थर. त्याखाली गोव्याचा बहुतेक भाग फार जुन्या खडकांचा आहे. अनमोड घाटातल्या नाइस नावाच्या खडकाचं वय तीनशे कोटी वर्षांहून जास्त भरतं. दूधसागर कोसळतो तो अशाच जुन्या खडकांच्या मुलखात. तिथे सुमारे 310 मीटरांच्या उतारावर पाणी कड्याला घासत, टप्प्याटप्प्याने घसरत येतं आणि त्याचा सगळा फेस होतो.

गोव्याच्या सत्तरी तालुक्याचा ईशान्येकडचा कोपरा मात्र निराळा. सुर्ल आणि चोर्ल्याच्या बाजूला महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आपल्या हद्दीत जेमतेम डोकावतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, लांबवर पसरला आणि थिजला. मग त्यावर दुसरा आला, तिसरा आला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे. आपल्याकडे आली आहे ती त्याची दक्षिणेकडची कड. ज्वालामुखी म्हटल्यावर टोकदार डोंगर शोधत असाल, तर तसला डोंगर इथे नाही. तुम्ही चालता तीच त्याची शिल्लक.

घावनं तव्यावरून काढून एकावर एक ठेवली की जशी चळत होते, तसे हे थर आहेत. घावनाला जाळी पडते ती वरच्या अंगाला, आणि लाव्हाच्या थरालाही तशीच. वायूचे बुडबुडे वर चढतात, पण निसटायच्या आत लाव्हा थिजतो आणि भोकं राहून जातात. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं त्यांत भरतात. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसले तर ते हेच. थराचा आतला भाग मात्र घट्ट, आणि थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा गेलेल्या. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडी, ठिसूळ पट्टी असते. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत त्याची वरची बाजू कुजून माती झाली होती, ती पुढच्या लाव्ह्याने भाजून काढली.

आता या चळतीवरून पाणी सोडून बघा. कच्चा थर आधी झिजतो. वरचा घट्ट थर पुढे आलेला राहतो, त्याला खालचा आधार उरत नाही, आणि मग तो उभ्या भेगेपाशी तुटून कोसळतो. म्हणून बेसाल्टचे कडे असे ताठ. प्रत्येक पडझडीला वझर थोडा मागे सरतो आणि त्याच्यापुढे घळ तेवढी लांबते. कोंडाभोवती घरापेक्षा मोठे धोंडे पडलेले दिसतात ना, ते कालपरवापर्यंत कड्याचा भाग होते. कालपरवा म्हणजे डोंगराच्या हिशेबाने.

हे सगळं एका नजरेत बघायचं तर वज्रा सकला हा वझर बघावा. हलतरा नाल्याचं पाणी चोर्ल्याच्या माथ्यावरून विर्डीच्या दरीत झेप घेतं. पाणी गोळा होतं कर्नाटकात, पडतं महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, आणि पुढे वाळवंटी नदी होऊन गोव्यात आमच्या साखळी गावाला येतं. म्हादई नदीच्या पाण्यावरून याच तीन राज्यांचं भांडण. न्यायाधिकरणाचा निवाडा ऑगस्ट 2018 मध्ये आला, तरी ते मिटलेलं नाही. वझराच्या पायथ्याला उभं राहिलं, की नकाशावरच्या त्या रेषा कुठे आहेत ते सांगता येत नाही.

पायथ्याला जायची वाट विर्डीतून. आधी बागायती, मग रान, आणि नंतर वाट संपून व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पात्रच वाट होतं. धोंड्यांवरून चढायचं, कधी गुडघाभर पाण्यातून. कुठे पानांच्या गचपणात मलबारी चापडा हा विषारी साप वेटोळं घालून बसलेला असतो. आपण हात घातला नाही तर तो बसूनच राहतो. शीळकरी कस्तूर पक्षी पाण्याच्या आवाजावर मात करून शीळ घालतो. जसजसं पुढे जावं तसतशा दोन्ही भिंती जवळ येतात आणि थर मोजता येऊ लागतात.

नेमका तिथेच धोका आहे. घळीत शिरलात की डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टी उरते. ती निळी असली तरी तिच्यावर विसंबू नका. गोव्याचा पाऊस वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास, घाटमाथ्यावर त्याहून बराच जास्त. वर कर्नाटकात कणकुंबीकडे सर कोसळली की ते पाणी बेसाल्टमध्ये फारसं मुरत नाही, थेट व्हाळात येतं. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर पिशवी राहिली तरी चालेल, काठ चढा. पोहता येतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: कोंडात घोंघावणाऱ्या पाण्याला तुमचं पोहणं ठाऊक नसतं.

जुलै 2023 मध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात मैनापी वझरावर दोन जीव गेले आणि त्यानंतर अभयारण्यांतले वझर बंद करण्यात आले. सरसकट बंदी मला पटत नाही. बंदी आली की माणसं चोरवाटांनी जातात आणि सोबत जाणकार कुणी नसतो. गावातला वाटाड्या सक्तीचा करावा, त्याला नीट मोल द्यावं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरचं. तिथली वळणं कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, वाढलेल्या माणसाला ठाऊक असतात, तेवढी मोबाइलमधल्या नकाशाला नाहीत. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा.

आणि खरं विचाराल तर जुलैमध्ये जाऊच नका. ऑक्टोबर सरता सरता जा. पाण्याचा पडदा विरळ झालेला असतो, कातळ उघडा पडतो, तांबडी पट्टी लांबूनही ओळखू येते. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर घळीत उतरायची गरज नाही; चोर्ला घाटातून दरीपलीकडचे थर दिसतात. केरीला उतरलात तर आजोबाची राय बघून या. त्या देवराईत पायताण बाहेर काढायचं असतं.

विर्डीला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, आणि दुपारी तीनपर्यंत पात्राबाहेर पडा. शेवाळावर रबरी चपला टिकत नाहीत. चांगली पकड असलेले बूट घाला. ऑक्टोबरातही जळवा असतात. मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको, कारण जळू पायाला लागल्यावर पिशवी उपसत बसायचा धीर कुणालाच नसतो.

नमस्कार.