तीन लग्नं आणि एक रुसलेली मावशी

नमस्कार मंडळी, आज इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात जाऊया. बाईचं नाव लेटिस नॉलिस, जन्म १५४३. हिची आजी मेरी बोलीन आणि राणीची आई अ‍ॅन बोलीन या बहिणी, म्हणजे आपल्या हिशोबाने राणी हिची मावशीच. मावशी, हे लक्षात ठेवा.

सतराव्या वर्षी पहिलं लग्न वॉल्टर डेव्हरूशी. तो १५७६ मध्ये डब्लिनला हगवणीने गेला. दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं ते लेस्टरच्या अर्लशी (अर्ल म्हणजे बडा सरदार), राणीच्या सगळ्यात लाडक्या माणसाशी! तेही लंडनजवळ वॉन्स्टेडला सकाळी सकाळी, गुपचूप. कळल्यावर राणी जी भडकली, की नवऱ्याला पुढे माफी आणि बायकोला दरबार बंद. नेहमीचंच आहे हे, चूक दोघांची आणि दार फक्त बाईला बंद, असो.

आता माझा आवडता किस्सा. १५९८ साल, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं झालेली. लेटिसचा पहिल्या लग्नाचा मुलगा एसेक्स आता राणीचा लाडका, तो मावशी-भाचीची भेट घडवायला धडपडतोय. लेटिस राजवाड्याच्या गॅलरीत जाऊन उभी राहायची, राणी तिथून जाणार म्हणून, पण राणी काहीतरी कारण काढून यायचीच नाही. एकदा नाही, कितीदा तरी. मग एका बाईंनी जेवणाचा बेत केला, राणीला द्यायला लेटिसच्या हातात तीनशे पौंडांचा दागिना, राणीची गाडी जोडून तयार, आणि ऐनवेळी राणी म्हणते, मी नाही येत! (जेवायला हो म्हणून न येणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे, राणी असली तरी.) एसेक्स बिचारा नाइटगाउनमध्येच आतल्या वाटेने राणीकडे धावला, काही उपयोग नाही.

शेवटी मार्चमध्ये भेट झाली. लेटिसने हाताचं चुंबन घेतलं, मिठी मारली, राणीनेही पापा घेतला. झालं, मिटलं म्हणता? छे! परत यायचं म्हटल्यावर राणीचं पुन्हा नाही. वीस वर्षं थांबून एक भेट.

तिसरं लग्न राहिलंच की, लेस्टर गेल्यावर १५८९ मध्ये ख्रिस्तोफर ब्लाउंटशी. १६०१ मध्ये राणीविरुद्ध बंड केलं म्हणून मुलगा आणि हा नवरा, दोघांचीही मुंडकी महिन्याभरात उडाली. लेटिस मात्र नव्वदीतही सकाळी मैलभर चालायची. १६३४ च्या ख्रिसमसला गेली, वॉरिकच्या चर्चमध्ये लेस्टरच्या शेजारी पुरलंय तिला.