कडब्यावरचा बर्फ

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या परभणीकडं जानेवारीत एखादी पहाट अशी उगवते की वारा पार पडलेला, आभाळ लख्ख, धुईचं नावही नाही. अशाच एका पहाटे आखाड्यावर मोटारसायकलच्या सीटवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. काळ्या सीटवर कुणी ज्वारीचं पीठ भुरभुरावं तसा पांढरा थर. नखानं खरवडला तर कुरकुरला. गंमत म्हणजे त्या दिवशीचं किमान तापमान होतं साडेचार अंश. पाणी तर शून्याला गोठतं ना?

पारा खोटं बोलत नव्हता. तो असतो जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. सीट उघड्यावर. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडं सोडत राहते. ढग असले की त्यातली बरीचशी परत मिळते. कोरड्या, स्वच्छ हवेत फारच थोडी. खालून जमिनीची ऊब पोचू नये असं मधे काही असलं, फोम म्हणा, कडबा म्हणा, की ती वस्तू हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज गार पडते. लिंबाखाली लावलेली दुसरी गाडी कोरडी ठाक होती. तिच्यावर फांद्यांचं पांघरूण!

मग कडब्याच्या गंजीकडं गेलो. पात्यांवर दोन तऱ्हा दिसल्या. कुठं काचेच्या मण्यांसारखे टणक थेंब: हे आधी दव पडलं, मग गोठलं. आणि पात्याच्या कडेला बारीक पिसं, उभी, टोकदार. ती हवेतल्या वाफेची. पाणी न होताच तिचा थेट बर्फ झालेला.

ही करामत आपल्या देशात धंद्याला लावलेली होती, बरं का. 1775 साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं अलाहाबादची बर्फ करायची रीत लिहून ठेवली. दोन फूट खोल खड्डे, त्यात उसाची नाहीतर मक्याची वाळली ताटं, वर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी. तिन्हीसांजेला पाणी ओतायचं, पहाटे बर्फ गोळा करायचा. वीज नाही, यंत्र नाही.

थंड मुलखांत तर बर्फाला केस फुटतात. ओल्या, मेलेल्या लाकडातून रेशमासारखे, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके बारीक. यामागं बुरशी असावी, असं आल्फ्रेड वेगेनर यांनी 1918 मध्ये सुचवलं होतं. खंड सरकतात म्हणणारे तेच हे. ती बुरशी नेमकी कोणती, ते कळायला 2015 उजाडलं. अमेरिकेत वर्बेसिना नावाचं, आपल्या करडईच्याच कुळातलं झाड आहे. त्याचं खोड गारठ्यानं चिरतं आणि चिरेतून येणारं पाणी गोठत गोठत पातळ फितींसारखं बाहेर वळतं. लांबून पाहाल तर बुंध्याशी पांढरं फूल उमललंय असंच वाटावं.

केसांचा बर्फ आपल्याकडं काही मिळायचा नाही. पण हरभऱ्याला, भाजीपाल्याला अशा रात्री हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री वर देते.

आणि एक करून बघा. आभाळ मोकळं असलं तर आज रात्री एका ताटलीत बोटाच्या पेरभर पाणी घेऊन ती कडब्यावर ठेवा, तशीच दुसरी लिंबाखाली. सात वाजायच्या आत जा. ऊन आलं की दोन्हींत नुसतं पाणीच दिसेल.