एक सामना, शून्य चेंडू

१५ सप्टेंबर १९७१. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम. डोक्यावर आभाळाऐवजी छप्पर असलेलं, अमेरिकेतलं अवाढव्य बेसबॉल स्टेडियम. समोर अटलांटा ब्रेव्हज, दिग्गज फलंदाज हँक ॲरनचा संघ. नववी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू होतेय, यजमान ॲस्ट्रोज पिछाडीवर आहेत. लाउडस्पीकरवरून नव्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव पुकारलं जातं: लॅरी याउंट. वय २१.

या एका हाकेसाठी लॅरीनं तीन वर्षं वाट पाहिली होती. १९६८ मध्ये शाळा संपली आणि मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरचं व्यावसायिक बेसबॉल, सुरू झाली. एकेक पायरी चढत तो ओक्लाहोमा सिटीच्या ट्रिपल-ए संघापर्यंत आला. तिथून सर्वोच्च पातळी, मेजर लीग, फक्त एक पायरी वर. पण ॲस्ट्रोजचं बोलावणं आलं आणि मध्येच आठवडाभर त्याला लष्कराच्या राखीव दलात हजेरी द्यावी लागली. त्या दिवसांत सराव बंद.

बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागी, हात मोकळा करतानाच कोपर दुखायला लागलं. थांबायचं? की जायचं? माउंडवर, म्हणजे जिथून पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, पाय ठेवला की दुखणं विसरू, असं त्याला वाटलं. आपणही हेच केलं असतं.

माउंडवर नव्या पिचरला तेव्हा सरावाचे आठ चेंडू मिळत. लॅरीनं त्यातले मोजकेच टाकले. कोपरातली कळ काही थांबेना. मग ज्या हाताची एवढी वर्षं मशागत केली, तो जपायचा म्हणून तो स्वतःहून माघारी फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा येऊच, असं एकवीस वर्षांच्या पोराला का वाटू नये?

नियम असा, की नाव पुकारलं गेलं म्हणजे पिचर सामन्यात उतरला. एरवी त्याला तेव्हा किमान एका बॅटरला, म्हणजे फलंदाजाला, सामोरं जावंच लागे, सूट फक्त दुखापतीला. म्हणून लॅरीच्या नावावर एक सामना लागला. टाकलेले चेंडू: शून्य.

१९७४ च्या वसंतात ॲस्ट्रोजनी त्याला मिलवॉकी ब्रूअर्सकडे धाडलं. त्याच संघात एक अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आला होता. रॉबिन याउंट, लॅरीचा सख्खा धाकटा भाऊ. सीझन सुरू झाला तेव्हा रॉबिन मेजर लीगच्या मैदानात होता आणि लॅरी पुन्हा मायनर लीगमध्ये. दोन-एक वर्षांत त्यानं खेळ सोडला.

रॉबिन वीस सीझन खेळला, ३,१४२ हिट्स मारल्या, बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या नावापुढे सामने आहेत २,८५६.

लॅरीच्या नावापुढे, १.