आजींची चादर बदलताना

आता आजींना सांभाळणाऱ्या या दोघींचे हात बघा. पलंगावर आजी आहेत, त्यांना स्वतःहून उठता येत नाही, आणि त्यांच्या अंगाखालचीच चादर बदलायचीय. इंदूरच्या या वृद्धाश्रमात हे रोज सकाळी होतं, मधेच ओली झाली तर तेव्हाच्या तेव्हा.

आधी पलंगाच्या चाकांना ब्रेक. मग ताई म्हणते, "आजी, खिडकीकडे कूस करूया हं." सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, मला विचाराल तर हाच इथला सगळ्यात मोठा नियम. एक जण समोरून आजींना धरून उभी, दुसरी मागून जुनी चादर लांबीतच गुंडाळत पाठीपर्यंत नेते, घाण बाजू आत, आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच नवी पसरते, तिचीही अर्धी गुंडाळी पाठीशी. मग आजी त्या दोन गुंडाळ्यांवरून हळूच या कुशीवर, जुनी चादर तिकडून ओढून सरळ बादलीत. जमिनीवर टाकायची नाही आणि झटकायची तर मुळीच नाही, जंतू खोलीभर होतात. नवी ताणून कोपरे गादीखाली. आणि तो तळवा फिरतोय ना चादरीवरून, तो सुरकुती शोधतोय, बिस्किटाचा चुरा शोधतोय, कारण या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते, तेवढंही टोचतं.

कमरेखाली ही आडवी छोटी चादर दिसतेय? आजींना वर घ्यायचं तर दोघी तीच दोन्हीकडून धरून उचलतात, काखेत हात घालून ओढत नाहीत. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या आसपास, जास्त उंच केली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची कातडी ताणली जाते. कूस साधारण दर २ तासांनी, एअर मॅट्रेस असली तरीही, ती आणली म्हणजे सुटलो असं घरच्यांना वाटतं पण तसं नसतं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघतात, पांढरा पडला नाही तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात, तिथे चोळायचं नाही. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते.

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, रबर शीटवर नुसता घाम, म्हणून वर कायम सुती चादर. चष्मा, पाणी, बेलचं बटण हात पोचेल तिथेच. समोरची गणपतीची तसबीर आजींना झोपल्या झोपल्या दिसेल अशी लावलीय, पुसून झाली की परत तिथेच. आणि हे डायपर, कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, इंदूरच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा कप्पाच वेगळा असतो. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणारं शहर आपलं, त्यात या बायकांचे हातही आहेत, हे कुणीतरी बोलायला हवं.

हे सगळं नीट होतं ते दोघी असल्या की. एकटीवर टाकलं की ओढाओढ आलीच, मग ती कितीही प्रेमाने करो. म्हणून वृद्धाश्रम बघायला गेलात की महिन्याचे चार्जेस विचारता तसं हेही विचारा, रात्री एका बाईकडे किती जण असतात, कूस बदलल्याची नोंद कुठे ठेवता, जरा दाखवा. आणि आपलं माणूस आधीच तिथे असेल तर पांघरूण बाजूला करून टाचा स्वतः बघा.