गढीवरचा डबा, बकरी आणि पोलीस पाटलांचा पंचनामा

रामराम मंडळी. आज जरा वेगळ्याच नादाबद्दल बोलायचंय, जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबा कुठंतरी लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं, आणि बाकीच्यांनी मोबाईलमध्ये ते आकडे घालून तो डबा शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर घ्या, पण तेवढ्याच किमतीची किंवा जास्त किमतीची दुसरी वस्तू आत ठेवायची. आणि डबा होता तिथंच, होता तसाच ठेवून द्यायचा. हे ठेवून द्यायचं परत एकदा सांगेन, कारण लोक तेवढंच नेमकं विसरतात.

खेळ फार जुना नाही. पूर्वी अमेरिकेचं सरकार जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम थोडी गडबड मिसळून सोडायचं, म्हणजे तुम्हाआम्हाला जागा कळायची पण शंभरेक मीटर इकडंतिकडं. ती गडबड मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली आणि लगेच ३ मे ला ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं रानात एक काळी बादली ठेवली आणि आकडे इंटरनेटवर टाकून दिले. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा. आता खायची वस्तू ठेवायला बंदी आहे, वास आला की जनावरं डबा फोडतात. आपल्याकडं तर मुंग्याच पुरे आहेत.

मोकळ्या आभाळाखाली मोबाईल तुम्हाला साधारण पाच मीटरपर्यंत नेतो. भिंत आली, कडा आला, दाट झाड आलं की सिग्नल आपटून येतो आणि मोबाईल कधी इकडं कधी तिकडं दाखवतो. म्हणजे शेवटचे पाच-दहा मीटर तुमच्या डोळ्यांचे, आणि सगळी गंमत, सगळी भानगड त्या पाच-दहा मीटरमध्येच होते. कारण तिथं एक धडधाकट माणूस मोबाईलकडं बघत गोल गोल फिरतोय, वाकून दगडाखाली बघतोय, झाडाच्या ढोलीत काडी घालतोय, आणि लांबून कोणीतरी ते बघतंय.

जळगाव जिल्ह्यात यावलकडं एकदा असंच झालं, मोबाईलमधला बाण एका केळीच्या बागेच्या बांधापाशी थांबला आणि मी बांधावर बसून बोरीखाली बघत होतो, तर शेतकरी दादा हातात टिकाव घेऊन पाठीमागं उभे. त्यांचं चुकलं नाही काही, आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरून तांबं विकणारे फिरतात, रात्रीतून केबल जाते आणि ऐन उन्हात केळीचं पाणी तुटतं. दादांनी माझी पिशवी बघितली, पक्कड नाही, कटर नाही, तेव्हा कुठं हसले. नंतर घरी नेऊन चहा पाजला. चहात आलं इतकं होतं की अजून घसा आठवतो.

पण आज मला सांगायची आहे ती गढीची गोष्ट. धुळे जिल्ह्यातलं गाव आहे, नाव सांगत नाही, एक तर डब्याची जागा फोडायची नसते हा खेळाचा नियम आणि दुसरं म्हणजे उद्या तिथं रीलवाल्यांची जत्रा भरेल. गावाच्या कडेला जुनी गढी, पांढऱ्या मातीची, अर्धी ढासळलेली, अर्धी लोकांनी धाब्याच्या घरांवर टाकायला नेलेली. एप्रिल संपत आलेला. मी आणि माझा भाचा. भाचा जळगावला कॉलेजात, डोकं चांगलं पण तोंडावर ताबा नाही.

आम्ही सकाळी सातलाच पोचलो, कारण अकराच्या नंतर खान्देशात फक्त बाभूळ आणि वेडा माणूस बाहेर असतो. गढीच्या खाली एका घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, एक म्हाताऱ्या मावशी खाटेवर जुनं लुगडं टाकून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालत होत्या. (हे सांगून टाकतो, दुकानातले मशीनचे बिबडे म्हणजे कागद तळल्यासारखं लागतं, ज्यानं घरचा बिबडा तेलात फुलताना बघितलाय त्याला विचारा.) तर मावशींनी वरून आम्हाला बघितलं. अर्धा तास बघत राहिल्या. भाचा भिंतीच्या भेगेत बॅटरी मारतोय, मी हातात मोजे घालून दगड हलवतोय. शेवटी त्यांनी आवाज दिला, "काय धुंडी ऱ्हायनात तुम्ही तठे?"

मी काही बोलायच्या आत भाच्यानं वरूनच उत्तर दिलं, "डबा, आजी!"

"कशाना डबा?"

"लपवलेला!"

झालं. मावशी बिबडे तसेच टाकून शिडीवरून खाली उतरल्या, त्या वयाची बाई इतक्या झरझर शिडी उतरताना मी दुसरी पाहिली नाही. दहा मिनिटात गढीखाली वीस-पंचवीस माणसं. पुढं पोलीस पाटील, मागं पोरं, त्यांच्या मागं कुत्री. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, गुप्तधन.

आता तुम्ही खान्देशातले असाल तर पुढचं मी सांगायला नको. प्रत्येक गढीत हंडा आहे, प्रत्येक हंड्यावर नाग आहे, आणि कोणाच्या तरी आजोबांच्या स्वप्नात तो हंडा बोललाय. आणि यातलं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं पण नाही, गुप्तधनाच्या नादात आपल्या राज्यात लोकांनी फार वाईट प्रकार केलेत, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन शोधण्यासाठी केलेले अघोरी प्रकार घातले आहेत. तेव्हा पाटील चौकशी करत होते ते बरोबरच करत होते, मला त्यांचा रागबिग अजिबात आला नाही.

पाटील म्हणाले, पिशवी उघडा. भाच्यानं उघडली. आत बॅटरी. एक छोटी सुरी. मिठाची पुडी. आणि सात लिंबं.

गर्दी दोन पावलं मागं सरकली. शपथ सांगतो, सगळी एकदम सरकली, कुत्र्यांसकट.

"लिंबू कशाले?" मावशी.

"सरबताले," मी म्हणलं. "ऊन आहे ना मावशी."

"मीठ?"

"सरबताले."

"सुरी?"

"लिंबं कापायला."

आता तुम्हीच सांगा, खरं बोलत होतो तरी ते किती खोटं वाटत होतं. साखर असती तर सुटलो असतो पण साखर गाडीत राहिलेली. शेवटी मी पाटलांना मोबाईल दाखवला, नकाशा दाखवला, सांगितलं की असे डबे जगभर आहेत, आत सोनंनाणं नसतं, वही असते आणि पोरांची खेळणी असतात. पाटील शांत ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो फार मुद्द्याचा होता, "पुरलेला आहे का?"

म्हणलं नाही. जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरायची मुभाच नाही या खेळात. डबा दगडाआड ठेवा, ढोलीत ठेवा, पण जमीन खणून पुरायचा नाही. हे तुम्हीसुद्धा ऐकून ठेवा, डबा पुरायचा नाही, खणायचं नाही. पाटील म्हणाले, मग ठीक, नाहीतर १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आकडा बघा, दहा रुपये, कायदा इंग्रजांचा आणि भाव पण तेव्हाचा.

तेवढ्यात मागून एक पोरगा, हातात काठी, नऊ-दहा वर्षांचा, म्हणतो, "तो डबा ना? आम्हले माहीत शे."

सगळे त्याच्याकडं वळले. पोरगा आम्हाला घेऊन गेला, आम्ही जिथं शोधत होतो त्याच्या पलीकडच्या बाजूला, बुरुजाच्या खाली कडुनिंबाच्या मुळाशी तीन दगड, त्याच्या मागं डबा. प्लॅस्टिकचा, चार बाजूंनी लॉक होणारा. म्हणजे गावातल्या शेळ्या राखणाऱ्या पोरांना तो कधीपासूनच माहीत होता, फक्त मोठ्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं.

पाटलांनी तिथंच बसून सगळ्यांसमक्ष डबा उघडला. तीन प्लॅस्टिकचे प्राणी. गोट्या. चिंचोके. युरोपातलं एक नाणं, छोटं, युरोच्या वीस सेंटचं. पोरगा म्हणाला की ते नाणं त्यांनी एकदा नेलं होतं पण किराणावाल्यानं घेतलं नाही म्हणून परत आणून ठेवलं. आणि वही. वहीच्या पुढच्या पानांवर आधी येऊन गेलेल्यांची नावं, कोणी पुण्याचं, कोणी नाशिकचं, आणि मागच्या पानांपासून उलटं, वरच्या गल्लीची आणि खालच्या गल्लीची क्रिकेटची स्कोअरं, ओव्हरसकट, भांडणासकट. एका पानावर लिहिलेलं, "आउट होता पण गेला नाही."

भाच्यानं तेवढ्यात मोबाईलवर युरोचा रेट काढला आणि मोठ्यानं म्हणणार होता की मामा हे तर दहा रुपयांच्या वर जातंय, मी त्याचा दंड दाबला.

मग भाचा म्हणे, मामा, यात एक बिल्ला असायला पाहिजे. त्याला ट्रॅव्हल बग म्हणतात. पत्र्याचा बिल्ला असतो, साखळीसकट, त्यावर नंबर. तो एका डब्यातून उचलून दुसऱ्या डब्यात न्यायचा, आणि नंबर इंटरनेटवर टाकला की तो कुठून निघाला, कुठं कुठं फिरला ते सगळं दिसतं. हा बिल्ला जर्मनीतून निघालेला, आणि या गढीवर येऊन थांबलेला.

बिल्ला डब्यात नव्हता. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकानं बोट दाखवलं. मावशींच्या बकरीकडं.

बकरीच्या गळ्यात जर्मनीचा बिल्ला! रोज सकाळी गढीवर, संध्याकाळी घरी. म्हणजे बिल्ला थांबला नव्हताच, रोज फिरत होता, फक्त कोणी इंटरनेटवर टाकत नव्हतं. भाच्यानं त्या बकरीला धरून गळ्यातला नंबर वाचायचा जो प्रयत्न केला तो बघायला तुम्ही पाहिजे होता, बकरीनं त्याच्या खिशातला रुमाल अर्धा खाल्ला.

पाटील म्हणाले, मालकाची वस्तू आहे, देऊन टाका. मावशी म्हणाल्या, अजिबात नाही. "हाई बांधं आनि बकरीनी जोडी दिन्ही." बिल्ला बांधला आणि बकरीला दोन पिल्लं झाली. आता याच्यावर काय बोलणार. मी नियम सांगितला, मावशी, घ्यायचं असेल तर तेवढ्याच मोलाचं काहीतरी द्यायचं असतं. मावशींनी लगेच विचारलं, मग तुम्ही काय देता? नियम मी सांगितला आणि व्यवहार त्यांनी केला. आठवडे बाजारातून पितळी घुंगराची पट्टी आणून देतो असं ठरलं, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी भाचा ती घेऊन गेला तेव्हाच बिल्ला सुटला. येताना त्याला घरचे बिबडे पण मिळाले, बांधून.

आणि वहीत पाटलांनी काय लिहिलं ते ऐका. आम्ही सगळे अशा वह्यांमध्ये एका ओळीत नाव-तारीख लिहितो. पाटलांनी पूर्ण पान घेतलं, "आज रोजी सकाळी नऊ वाजता गढीवर मिळालेला डबा पंचांसमक्ष उघडून पाहिला. खेळणी तीन, परदेशी नाणे एक, गोट्या, चिंचोके. पुरलेला नाही. मौल्यवान काही नाही. डबा जागेवर परत ठेवला." खाली सही आणि दोन पंचांच्या सह्या. डबा जागेवर परत ठेवला, बघा, मी तुम्हाला सुरुवातीला जे सांगितलं ते त्या माणसानं न सांगता लिहिलं. नाहीतर आपले शिकलेले लोक, किल्ल्यावर जाऊन दगडावर खिळ्यानं बदाम काढतात आणि त्यात दोन नावं, अरे लग्नपत्रिका छापा ना, किल्ला कशाला खराब करता. असो, विषय तो नाही.

मग सरबत झालं. सात लिंबं पंचवीस माणसांना पुरली नाहीत, साखर गाडीतून आणली आणि बाकीची लिंबं मावशींकडून.

वेळ थोडा राहिलाय म्हणून कामाचं पटकन सांगतो. डबा पारदर्शक घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की हा खेळाचा डबा आहे, मराठीत लिहा. इंग्लंडात वेदरबी गावात २०११ साली असा एक डबा बॉम्ब समजून पथकानं उडवून दिला होता, आपल्याकडं स्टेशन, बसस्टँड, धरण, असल्या जागी ठेवूच नका. संरक्षित स्मारकात नाही, अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय नाही, कोणाच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय नाही. भोकात, दगडाखाली थेट हात घालायचा नाही, आधी काठी. सातपुड्यात फुरसं असतं, ते पळून जात नाही, तिथंच बसून राहतं. परत सांगतो, आधी काठी, मग हात. आणि पाणी जास्तीचं न्या. लिंबं न्यायची असतील तर साखर त्याच पिशवीत ठेवा.

आणि हो, पाटलांचा परवा फोन होता. त्यांना आता स्वतःचा डबा लावायचाय, मारुतीच्या पारावर, म्हणतात गावाचा मान वाढेल. मी सांगितलं पाटील, दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं, पार गढीच्या फार जवळ आहे. ते म्हणाले, मोजलंय का? म्हणलं नकाशावर बघितलंय. म्हणाले, नकाशाचं सोडा, तलाठ्याकडून साखळी मागवतो, तुम्ही रविवारी या. तर रविवारी चाललोय. नमस्कार.