धूर थांबल्यावर

मंडळी, चुलीचं नाव काढलं की आधी धूर आठवतो. धूर वाईटच, त्यातले सूक्ष्म कण थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. पण धूर निदान कळतो तरी. डोळ्यांत झोंबतो, ठसका लागतो, आपण उठून खिडकी उघडतो. आज मला बोलायचं आहे ते धूर थांबल्यानंतरच्या वेळेबद्दल.

ज्वाळा बसल्या, लाल निखारे उरले, की आपण निर्धास्त होतो. शेगडी उबेसाठी झोपायच्या खोलीत नेली जाते, दारं-खिडक्या घट्ट लावल्या जातात. माझ्या मते घरातली सर्वांत धोक्याची शेगडी ती हीच. निखारे धुमसताना त्यांना हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. माणसाला वाटतं, थकवा आला असेल, जरा पडतो. आणि झोपेत तर एवढीही सूचना मिळत नाही.

घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दुखण्याचं कारण चुलीत शोधा. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, लगेच डॉक्टरांना गाठा आणि घरात चूल पेटलेली होती हे त्यांना आवर्जून सांगा.

‘खिडकी थोडी किलकिली ठेवली तर चालेल का?’ असं मला नेहमी विचारतात. धुराडं नसलेली पेटती शेगडी घेऊन झोपायचं असेल, तर नाही चालणार. झोपण्यापूर्वी ती घराबाहेर गेलीच पाहिजे.

धुराडं असलं तरी त्याचं काम समजून घ्या. गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. ती यायला वाट हवी. बंद घरात एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो धुराड्यातली हवा उलटी खोलीत खेचू शकतो. ओलं सरपण धुमसत राहतं आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर चढवतो. तो थर पेटला की आग छपरापर्यंत जाते. म्हणून लाकूड नीट वाळवा आणि धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून तो वाजतो का ते पाहा.

प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड चुलीत नको. पेटत्या चुलीवर रॉकेल ओतणं तर कधीच नको.

आता राख. वरून ती थंड लागते, पण पोटात निखारा कधी कधी दोन-तीन दिवस जिवंत राहतो. राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तो घरापासून दूर, उघड्या जमिनीवर किंवा फरशीवर ठेवा. टाकण्यापूर्वी राखेवर पाणी शिंपडा, काठीने ढवळा आणि तळापर्यंत भिजली आहे ना, ते बघा.