पहिल्या धारेचं क्रूड आणि जळगावचा मे महिना

मागच्या पोरांना ऐकू येतंय ना, हा माईक जरा किरकिरतोय. असो. रिफायनरी म्हटलं की जामनगर आठवतं, रोज बारा लाखांच्या वर बॅरल. मी बोलतोय मॉड्युलरबद्दल, म्हणजे वर्कशॉपमध्येच स्किडवर, म्हणजे लोखंडी चौकटीवर, बांधायची, ट्रेलरवर चढवायची आणि साइटवर नेऊन पाइप जोडायचे. नायजेरियात अशा चालतात, इमो राज्यातली वॉल्टरस्मिथची २०२० ला सुरू झाली, रोजची ५,००० बॅरल. बॅरल म्हणजे १५९ लिटर, तर नुसती हजार बॅरलची धरली तरी १२,००० लिटरवाले सव्वातेरा टँकर होतात रोजचे, तेव्हा छोटी म्हणून हसू नका.

आत काय चालतं ते सातपुड्यात मोहाची भट्टी पाहिलेल्याला सांगायला नको (हात वर करू नका, सर बसलेत). पहिल्या धारेची कडक, मग उतरत जाते. क्रूडचंही, म्हणजे कच्च्या तेलाचंही, तेच, फक्त मडक्याऐवजी टॉवर आणि सगळ्या धारा एकदमच, वेगवेगळ्या उंचीवरून, वर नॅफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, मग केरोसीन, डिझेल, बुडाला काळं जड तेल. हीटरमध्ये ३५०-३६० डिग्रीपर्यंत नेतात, फार वर गेलात की तेल तुटतं आणि नळ्यांत कोक, म्हणजे कोळशासारखा थर, धरतो.

आता सिम्युलेशन, म्हणजे हीच रिफायनरी आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहायची. क्रूडमध्ये हजारो घटक, नावं कोण घेत बसणार, म्हणून टीबीपी कर्व्ह, म्हणजे कुठल्या तापमानापर्यंत किती तेल उकळून निघतं त्याचा आलेख, घ्यायचा आणि उकळायच्या तापमानानुसार त्याचे तीस-चाळीस तुकडे पाडायचे, एकेक तुकडा म्हणजे एक खोटा घटक, स्यूडोकंपोनंट. मग पेंग-रॉबिन्सनचं १९७६ चं समीकरण लावून वाफ किती, द्रव किती ते टॉवरमधल्या प्रत्येक ट्रेवर, म्हणजे आतल्या थाळीवर, काढायचं. हे डीडब्ल्यूसिम या सॉफ्टवेअरवर होतं, फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमुळे आपल्याकडची बरीच पोरं त्यावर शिकलीत.

माझी फजिती सांगतो. पहिलं मॉडेल कन्व्हर्ज झालं, म्हणजे गणित जुळलं, सगळं हिरवंगार, मी खूश. सरांनी एकच विचारलं, एअर कूलरला, म्हणजे वाफ हवेने थंड करतो त्याला, हवा किती डिग्रीची धरली? म्हटलं २५, सॉफ्टवेअरनेच दिलेली. ते म्हणाले, "भो, मे महिन्यात जळगावात २५ कुठं सापडली तुला? पहाटे चारलाही नसते." ४५ टाकली आणि सगळं बिघडलं, कारण एअर कूलर हवेपेक्षा दहा-पंधरा डिग्री वरच थांबतो, मग टॉवरच्या माथ्यावरची हलकी वाफ पूर्ण थंड होईना, ती निघाली फ्लेअरला, म्हणजे विकायचा माल जाळायचा. प्रेशर वाढवून पाहिलं तर उकळबिंदू वर सरकले, हीटर कोकच्या हद्दीला टेकला. कूलर मोठा केला, तर स्किड ट्रेलरवर मावेना! एक आकडा, आणि तो मी टाकलाच नव्हता.

नॅफ्थाचा ऑक्टेन कमी, तो वाढवणाऱ्या रिफॉर्मरशिवाय पेट्रोल म्हणून विकता येत नाही, ते उद्या. आता लॅपटॉप उघडा, फाइल दिलीये. हवा २५ च ठेवलीये मुद्दाम.